चिखल हुंगणाऱ्या पेडणेकर बाई

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की पेडणेकर बाईंचे दोन डबे निघत. एकात भात आणि सोलकढी असे. दुसऱ्यात चिखल.

पहिल्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाई हात धुवायला गेल्या होत्या. इंग्रजी शिकवणारे आमचे बोरकर सर म्हणाले, "बाई कोकणातल्या आहेत, काहीतरी गोडधोड असेल." आणि त्यांनी दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं. आत काळंभोर, लोण्यासारखं मऊ काहीतरी होतं. सरांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि खुर्ची मागे ढकलून उभेच राहिले. तेवढ्यात बाई पदराला हात पुसत आल्या. त्या रागावल्या नाहीत. सरांच्या बोटाकडे बघत त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "कसा वाटला वास? कुजका की गोड?"

"कुजका!" सर म्हणाले.

"नीट घ्या हो. खांब तलावाच्या काठचा आहे. हा वास कुजल्याचा नाही, मुरल्याचा आहे. लोणच्यात आणि सडक्या कैरीत फरक असतो की नाही?"

त्या दिवसापासून पोरांनी त्यांचं नाव 'चिखलबाई' ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. पेडणेकर उच्चारताना इथल्या मुलांची जीभ अडखळत होतीच."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी त्या भंडाऱ्यात आल्या. यजमान दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत नोकरीला, म्हणून जवाहरनगरला क्वार्टर मिळालं होतं, आणि आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची जागा रिकामी होती. मी मराठी शिकवायची. स्टाफमध्ये आम्ही दोघीच बायका, त्यामुळे आमची टेबलं शेजारी आली. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या होत्या आणि मला 'गो' म्हणायच्या. "चल गो, चहा घेऊ." "काय गो, आज गप्पशी?" आमच्याकडे बायका एकमेकींना 'वो' म्हणतात. हे 'गो' ऐकून शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसायचा.

बाईंचं गाव खाडीच्या काठी. नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे पसरते, जिथे पाणी धड गोडं नाही आणि धड खारं नाही, त्या जागेवर त्यांचा भारी जीव. मुंबईत असताना त्या खाडीवरच त्यांनी पीएच.डी.चं काम सुरू केलं होतं, आणि बदलीमुळे ते अर्धवट राहिलं होतं. त्यांचा प्रश्न एकच होता. खाडीत एवढे मासे, एवढी कोळंबी, एवढे खेकडे. या सगळ्यांचं अन्न येतं कुठून?

"तीन ठिकाणांहून येतं बघ," त्या सांगायच्या. मग टेबलावरची खडूची पेटी नदी व्हायची, डस्टर समुद्र व्हायचा आणि माझी पर्स काठावरचं कांदळवन. "नदी वरून डोंगरातली माती, पाचोळा घेऊन येते. समुद्र भरतीबरोबर आपलं काहीबाही आणून टाकतो. आणि ही कांदळाची झाडं वर्षभर पानं गाळत असतात. ते पान चिखलात पडतं, कुजतं, बारीक किडे ते खातात, किड्यांना कोळंबी, कोळंबीला मासा, माशाला मी. म्हणजे मी लहानपणापासून पाचोळाच खात आले गो!"

हा "कुठून आलं?" त्यांच्या बोलण्यात सतत असे. वर्गात एखाद्या पोराला उभं करून विचारायच्या, "काल काय जेवलास?" पोरगं लाजत सांगायचं, "भात अन् वरन." "भात कुठून आला? शेतातल्या बांधीतून. बांधीत काय होतं? शेण. शेण कुठून आलं?" असं करत करत पोराला त्या थेट सूर्यापर्यंत नेऊन सोडायच्या. एकदा तुमसरला आमच्या ग्रंथपालाच्या बहिणीचं लग्न होतं. पंगत बसली आणि बाई दिसेनात. शोधाशोध केली तर शेजारच्या राइस मिलच्या मागे, नाल्याशी जरीच्या साडीत उकिडव्या बसलेल्या. कोंडा कुजून पाणी कसलं झालंय ते हुंगत होत्या. मिलचा चौकीदार काठी घेऊन त्यांच्यामागे उभा होता. मारावं की नमस्कार करावा हे त्याला ठरवता येत नव्हतं.

माझं माहेर कोंढ्याच्या अलीकडचं एक खेडं. धानाच्या बांध्या आणि गावामागे मालगुजारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव. दिवाळीच्या सुट्टीत मी बाईंना घेऊन गेले. माझ्या आईने "येवो बाई, बस" म्हणत पाट मांडला, पण बाई पाय धुवून थेट तलावाच्या पारेवरच गेल्या. आमच्याकडे तलावाच्या बांधाला पार म्हणतात. साडी खोचून त्या गुडघाभर चिखलात उतरल्या, मूठभर गाळ काढला आणि डोळे मिटून हुंगला.

"शोभा, हा चिखल गोड आहे गो," त्या म्हणाल्या. मग तो पुन्हा एकदा हुंगला. घरची आठवण आली असावी.

माझे बाबा पारेवर बिडी ओढत बसले होते. बाईंनी त्यांनाही खाडीची ती तीन ठिकाणं सांगितली. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या तलावाले ना नदी, ना समुद्र. बरसादीचं पानी येते, म्हशी डुंबते, बगळे बसते. त्याच्यावरच चालून राहिलं, बाई."

बाईंना ते इतकं आवडलं की पुढे त्या रविवारी एकट्यासुद्धा बस पकडून आमच्या गावी जाऊ लागल्या. आईकडे जेवायच्या, तलावावर फिरायच्या, ढिवर मोहल्ल्यातल्या बायकांशी बोलायच्या. तलावातली मासेमारी ढिवरांच्या सोसायटीकडे होती. जागेश्वर नावाचा पस्तिशीचा माणूस सोसायटीचा अध्यक्ष होता, बोलका आणि हुशार. कॉलेजातली मॅडम आपल्या तलावात उतरते याचं त्याला मोठं अप्रूप.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात बेशरमाची झुडपं आणि पाण्यातलं तण इतकं माजलं की जाळं टाकायला जागा उरली नाही. सोसायटीच्या लोकांनी कापायचं ठरवलं. कापलेलं बाहेर ओढून काढायला मोठी मेहनत होती. जागेश्वरने बाईंना विचारलं, "मॅडम, हा पाला बाहेर काढाच लागते का?"

बाई म्हणाल्या, "कशाला काढता? पाण्यातच राहू द्या. आमच्या खाडीत झाडं स्वतःच पानं टाकतात. पाला म्हणजे पाण्याचं अन्न आहे. मासे भरतील बघा."

त्या हे म्हणाल्या तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आपली खाडी या परक्या मुलखात कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, असा तो आनंद होता. लोकांनी कापलं आणि तिथेच सोडलं. त्यानंतर भादव्यातले ते दमट दिवस आले. आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नाही.

एका सकाळी गावाहून माझा भाऊ पहिल्या बसने भंडाऱ्याला आला. त्याने सांगितलं, तलावातले मासे मेले. रोहू, कतला, सगळे. पांढरी पोटं वर करून काठाला लागलेत. गावात म्हणून राहिले की सोमाजीने एंड्रिन, पिकावर मारायचं ते विष, टाकलं.

सोमाजी हा ढिवर मोहल्ल्यातलाच साठीचा म्हातारा. वाट्यावरून जागेश्वरशी त्याचं भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात तो चारचौघांत म्हणाला होता, "पायतो तुमी कसे मासे खाता ते." तेवढं बोलणं पुरेसं झालं. लोकांनी त्याला घरातून ओढून ग्रामपंचायतीसमोर बसवलं होतं. पवनीहून पोलीस आणायचं चाललं होतं, आणि त्याआधी हात साफ करून घ्यावे असं काही पोरांचं म्हणणं होतं.

बाई तास अर्ध्यात सोडून माझ्याबरोबर निघाल्या. गावात उतरताच वास आला. त्या तशाच तलावावर गेल्या, पाण्यात हात घालून कापलेलं तण वर काढलं. ते काळं पडलं होतं, हातात घेताच तुटत होतं. त्यांनी हुंगलं. काठावरच्या एका पोराला त्यांनी विचारलं, "मरळ मेली का रे? मागूर मेली?"

पोराने बघून सांगितलं, "नाई जी. मरळ, मागूर जित्या हायेत. बेडकंबी हायेत."

"विष असतं तर तेही मेले असते," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग पारेवर बसल्या. चिखलाचे हात तसेच मांडीवर. मला म्हणाल्या, "मरळ, मागूर वर येऊन हवा घेतात गो. त्या जगल्या. ज्यांना पाण्यातलीच हवा लागते ते गुदमरून मेले. कुजणाऱ्या पाल्याने पाण्यातली सगळी हवा खाल्ली."

"पण खाडीत तर..."

"खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. जुनं पाणी जातं, नवं येतं. इथे भरती कुठे आहे? एवढी साधी गोष्ट मी विसरले."

ग्रामपंचायतीसमोर सगळा गाव जमला होता. सोमाजी खाली मान घालून भिंतीशी बसला होता, सदऱ्याची बाही फाटलेली. त्याची बायको कौसल्या त्याच्यासमोर अशी उभी होती की कुणी मारायला आलंच तर आधी तिला लागावं. बाई मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"या माणसाने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मासे माझ्यामुळे मेले. पाला पाण्यात सोडा असं मीच सांगितलं होतं. माझं चुकलं."

मग जागेश्वर हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमी मोठ्या दिलाच्या. त्याले वाचवाले बोलून राहिल्या तुमी. आमाले समजते."

कबूल करूनही कुणी मानायला तयार नाही, असा प्रसंग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बाई रडवेल्या झाल्या, मग चिडल्या. "अरे, मी खरं सांगतेय! कुणाला वाचवायला नाही!"

"पाल्यानं कुठं मासे मरते, बाई?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

तेव्हा बाईंनी दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, मागितले. माझ्या आईने घरून आणून दिले. दोन्हींत विहिरीचं पाणी भरलं. शेजारच्या बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, जिवंत मासे आणवले आणि दोन्हींत सारखे सोडले. मग एका गंजात तलावातला तो काळा पाला दोन मुठी टाकला. दुसऱ्यात काही नाही. "बसा सगळे," बाई म्हणाल्या. "कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

आणि गाव बसला. पोरं आधी खिदळत होती, मग कंटाळली, पण उठलं कुणीच नाही. कौसल्या गंजांच्या अगदी जवळ येऊन बसली. पाल्याच्या गंजातले मासे हळूहळू वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करू लागले. दुसऱ्या गंजातले तळाशी फिरत होते. दिवस कलेपर्यंत पाल्याच्या गंजातला पहिला मासा आडवा झाला. मग दुसरा.

जागेश्वर उठला, गंजात वाकून बराच वेळ बघत राहिला. मग सोमाजीजवळ गेला, त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं आणि नुसतं म्हणाला, "चाल काका, घरी चाल."

सोमाजी निघाला नाही. तो बाईंकडे वळला. "मॅडम, तुमी सांगतलं नसतं त तुमाले कोन पकडत होतं?"

"मला कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला धरलं होतं ना."

तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कौसल्या बाईंसमोर आली. नवरा सुटल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि रागही होता. "खरं बोलल्या, बाई, भलं केलं तुमी. पन आमच्या लेकराईच्या तोंडचा घास त गेला न. तो कुठून येईन आता?"

उभ्या आयुष्यात जो प्रश्न बाई दुसऱ्यांना विचारत आल्या, तो त्यांना कुणीतरी पहिल्यांदा असा विचारला होता.

पुढचे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. बाई, कॉलेजातली पोरं, ढिवर मोहल्ला आणि बाबांसारखे काही शेतकरी मिळून तलावातला सगळा कुजका पाला ओढून काढत होतो. बैलबंड्या भरून तो बांध्यांवर गेला. बाईंच्या पायांना जळवा लागत, त्या मीठ लावून पुन्हा पाण्यात उतरत. तण निघालं, पाणी हलकं झालं, पण त्या सालचे मासे परत आले नाहीत. मोहल्ल्यातली बरीच घरं नागपूरकडे विटाभट्टीवर गेली. सोमाजीचा मुलगाही गेला. बाईंना प्रत्येक कुलूप लावलेलं घर माहीत होतं. स्टाफरूममध्ये त्या एकच डबा आणू लागल्या, आणि तोही कितीदा तसाच परत नेत.

त्या सुमारास त्यांच्या मुंबईच्या मार्गदर्शकांनी कळवलं, खाडीचं काम चांगलं आहे, तेवढंच लिहून द्या, तलावाच्या भानगडीत पडू नका. बोरकर सरांनीही समजावलं, "बाई, पदवी हातात आहे. घेऊन टाका."

"खाडीचं लिहिलेलं खरं आहे हो," बाई म्हणाल्या. "पण आमच्या गावाला जे खरं ते इथे खरं नाही, हे लिहिल्याशिवाय ते पुरं कसं होईल?"

त्यांनी तलावाचं प्रकरण लिहिलं. आपल्या सल्ल्यासकट, मेलेल्या माशांसकट लिहिलं. ते तिकडून परत आलं. त्यांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. पदवी मिळाली नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. एका दुपारी टेबलावर डोकं ठेवून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मी दार लोटून घेतलं आणि नुसती शेजारी बसून राहिले.

दोनेक वर्षांनी एका सोमवारी कॉलेजच्या फाटकाशी जागेश्वर उभा दिसला. बाई त्याला बघून थबकल्याच. तो म्हणाला, "मॅडम, सरकारी मच्छीबीज आलं हाये. तुमी येऊन पाहा न एकडाव पानी. मंग टाकतो."

"मला कशाला विचारता?" बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी विचारलंत तर काय झालं ते बघितलंत ना."

"म्हनूनच इचारून राहिलो," जागेश्वर म्हणाला. "तुमाले आता भरती नसलेलं पानी समजते."

बाई त्याच्याबरोबर गेल्या. बीज टाकलं गेलं. विटाभट्टीवर गेलेली घरं एकेक करून उघडली, सगळी नाही. स्टाफरूममध्ये दुसरा डबा पुन्हा दिसू लागला. बोरकर सर आता स्वतःच झाकण काढून हुंगायचे आणि अधिकाराने म्हणायचे, "मुरलेला आहे."

पंचाऐंशीच्या आसपास यजमानांची बदली दुसऱ्या प्रांतात झाली. निघायच्या आधीच्या रविवारी बाई मला म्हणाल्या, "तुझ्या गावी जाऊन येऊ." आम्ही पोचलो तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका पारेवर धुणी धूत होत्या. निरोपाचं बोलणं झालं, कौसल्याने बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, आता निघायचं.

बाईंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग चष्मा काढून दिला. साडीचा काष्टा मारला, आणि मी "अहो बाई" म्हणेपर्यंत पाण्यात शिरून पोहू लागल्या.

खाडीकाठची बाई, पोहता येणारच. पण इतक्या वर्षांत मी त्यांना कधी पोहताना पाहिलं नव्हतं. कॉलेजातल्या मॅडमनी गावच्या तलावात पोहायचं, हे त्यांनाच रुचलं नसावं. आता पन्नाशीला आलेल्या त्या बाई लांब लांब हात मारत, धुणाऱ्या बायकांसमोरून, मधल्या खोल पाण्याकडे निघाल्या होत्या. चष्म्याशिवाय त्यांना पलीकडचा काठ दिसत नव्हता. थोडं गेल्या की वाकड्या जायच्या.

"डाव्या हातानं, बाई, डाव्या हातानं!" कौसल्या ओरडली. धुणं टाकून ती पारेवरून पळत सुटली. तिच्यामागे बाकीच्या बायका. "अव माय, उजवीकडं चालल्या!" "इकडं, बाई, इकडं!" सगळा मोहल्ला पारेवरून धावत बाईंना वाट दाखवत होता, आणि पाण्यात तो ओल्या केसांचा काळा ठिपका कधी इकडे, कधी तिकडे वळत पुढे सरकत होता. मी चष्मा आणि घड्याळ पदरात धरून जागच्या जागीच राहिले.

त्या पलीकडे पोचल्या. काठच्या पाण्यात आपोआप उगवणाऱ्या देवधानाच्या हिरव्या पात्यांतून उठून उभ्या राहिल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरून पाणी निथळतंय. धाप लागलेली दिसत होती. मग आमच्या बाजूला तोंड करून त्यांनी दोन्ही हात उंच केले आणि जोरजोरात हलवले. आम्ही जिथे होतो तिथे नाही, खूप बाजूला, एका पळसाच्या झाडाकडे बघून. त्यांना वाटलं, ते आम्हीच आहोत.

कुणीही त्यांना सांगितलं नाही. आम्ही सगळ्या हात हलवत राहिलो.